पाण्यातले प्राणी कोणी उचलत नाही

४ फेब्रुवारी

चष्मा डोक्यावर आहे, मास्तरीणबाई. आणि तारीख घालायची राहिलीच. घातलीत? मग आता हेही लिहा, गाळू नका — या बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांकडून पाढे घोकून घेतले, आणि भाजीत मीठ घातलं की नाही हे त्यांना स्वतःला आठवत नाही, म्हणून दोनदा घालतात. रविवारी हीच वही मला वाचून दाखवतील आणि मध्येच थांबून विचारतील, "हे मी कधी लिहिलं?" तर तेव्हासाठी आत्ताच सांगून ठेवते. तुम्हीच लिहिलंत. तोंड माझं होतं.

मला अक्षर येत नाही. आधी कुणी शिकवलं नाही, पुढे मीच हट्टानं शिकले नाही. वही नातीनं दिली. "आजी, तू दिवसभर बोलतेस, ते सगळं वाया जातं." म्हणून दुपारी जिना उतरून खाली बाईंच्या खोलीत यायचं, मी बोलायचं, त्यांनी लिहायचं.

पानावर डाव्या अंगाला एक लाल उभी रेघ आहे. तिच्या पलीकडे बाई एक अक्षर टाकत नाहीत. म्हटलं, एवढी जागा फुकट का घालवता? "तो समास. ओळ रेघेला टेकून सुरू झाली पाहिजे. पोरं मधूनच कुठून तरी सुरू करायची आणि बोलणी खायची."

बरं झालं. आता मलाही वहीतलं एवढं कळतं — ओळ टेकली की नाही टेकली.

५ फेब्रुवारी

घरात आम्ही चौघं. लेक शाळेची बस चालवतो. बत्तीस पोरं सकाळी न्यायची, दुपारी परत आणायची. सून खिडकीपाशी बसून चित्रं काढते, तोच तिचा धंदा. नात नऊ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ती बापाच्याच बसनं जाते.

सध्या सून पत्त्यांचा खेळ रंगवते आहे. एका खेळवाल्यानं तिला सांगितलंय — छत्तीस अद्भुत प्राणी, डाव पाच मिनिटांत संपला पाहिजे, आणि नातीपासून आजीपर्यंत सगळ्यांना जमला पाहिजे. महिनाअखेरीला द्यायचा आहे. म्हणून लेक बस लावून आला की रोज चहा आणि चार-पाच डाव. खेळून बघायचं, कुठे अडतं ते.

टेबलावर एक लांब कापडी पट अंथरायचा. त्याच्या एका टोकाला पाणी, मध्ये जमीन, दुसऱ्या टोकाला आकाश. पाण्यातले प्राणी पाण्यात मांडायचे, आकाशातले आकाशात, चित्र वर करून. मग सून खुणेचा पत्ता उलटते. शिंग दिसलं तर शिंगवाला प्राणी उचलायचा, पंख दिसला तर पंखवाला. शिंगं-पंख तिन्ही ठिकाणी आहेत. जो आधी हात टाकेल त्याचा प्राणी. सात वेगळे जमले की गुहा भरली, जिंकलो.

शब्द वाचावा लागत नाही. "ते खास तुमच्यासाठी, आई," असं सून म्हणते. नावं खाली छापली आहेत, पण मी माझी ठेवली. एक निळा बेडूक आहे, गाल फुगवून बसलेला, जसं काही कुणी त्याला चहा विचारलाच नाही. त्याला मी सासूबाई म्हणते. सून हसते. पण जपून.

७ फेब्रुवारी

सलग तीन डाव जिंकले. मी!

लेक दाराकडे पाठ करून बसतो, मी त्याच्या समोर. भिंगरी आकाशाच्या टोकाला, कारण तिला पाखरं हवी असतात. पाणी माझ्या उजव्या हाताशी. हात टाकायचा अवकाश, मासा माझा. भिंगरी फुरंगटली. "आजी चीटिंग करते." म्हटलं, अगं, म्हातारपणी माणसाचे पाय आखडतात, ती लांबी हातात येते.

लेक म्हणाला, "आई, तू आधी दात काढून घाबरवतेस, मग पत्ता उचलतेस." काढायला दात आहेत कुठे माझ्याकडे? चार आहेत, तेही एकमेकांशी बोलत नाहीत.

८ फेब्रुवारी

लेकाचा खांदा दाराच्या चौकटीला आपटला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. तो चौकटीवरच डाफरला.

भिंगरी गाल फुगवून बसली होती. अगदी सासूबाई. विचारलं तर म्हणते, "शाळेपाशी उतरल्यावर मी हात करते. बाबा हल्ली परत करतच नाही."

१० फेब्रुवारी

सुनेनं तक्ता केला आहे. कोणता प्राणी किती वेळा उचलला, कुणी उचलला. ती तक्त्याकडे बघत बसली आणि चहावर साय धरली.

"पाण्यातले प्राणी कोणी उचलत नाही," म्हणाली. "आईंशिवाय."

"आईला काय, पुढ्यात येईल ते चालतं," लेक म्हणाला.

"चेष्टा नाही हो. बारा पत्ते आहेत ते. एक तृतीयांश खेळ मेलाय. माझाच रंग फिका पडला असणार."

म्हणून ती बाराही प्राणी पुन्हा रंगवणार आहे. गडद. चार दिवसांचं काम. मी म्हटलं, सासूबाईंना फार काळं करू नकोस, त्या मनात ठेवतात.

लेक सकाळी दाढी करून आला तेव्हा उजवा गाल आरशासारखा आणि डाव्या गालावर कालचं रान. म्हटलं, काय रे, साबण संपला की उत्साह? त्यानं गालावर हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ते केस तिथे चिकटवलेत.

हसले मी. सगळे हसलो.

१३ फेब्रुवारी

बसचा डाव्या बाजूचा आरसा फुटला. "खांब पुढे आलाय," लेक म्हणतो. तो खांब लेकाच्या जन्माआधीपासून तिथे उभा आहे. पोरं उतरून गेली होती तेव्हाचं आहे. काही झालं नाही. काही झालं नाही हे तो चार वेळा म्हणाला.

१४ फेब्रुवारी

नवे रंग लागले. मासे असे झगझगीत, की डोळे मिटले तरी दिसावेत. तरी लेकानं एक उचलला नाही. मी नऊ उचलले. सुनेनं सोनेरी कडा काढल्या. डोळे मोठे केले. संध्याकाळी पुन्हा डाव — पुन्हा तेच. खेळवाला फोनवर म्हणाला म्हणे, पाणीच काढून टाका, नाहीतरी खेळ लवकर संपायला हवा.

सून रडली नाही. ब्रश धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूत राहिली.

१५ फेब्रुवारी

आज भिंगरीनं पटावर चहा सांडला. पट उचलला, पुसला, परत अंथरला — उलटा. पाणी गेलं भिंगरीच्या टोकाला, आकाश आलं माझ्या उजव्या हाताशी. कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्ते मांडले, सुरू.

आणि लेकानं पाण्यातले पाच प्राणी उचलले. फटाफट. भिंगरी आडवी पडली तरी तिच्या हाताखालून काढले. सून उभीच राहिली. "लागू पडला! रंग लागू पडला!" लेक म्हणाला, "बघ, मी सांगत होतो, सोनेरी कडेनं काम केलं." तसं तो कधीच म्हणाला नव्हता.

मी हसत होते. मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. तो आकाशात फिरत होता, एकटाच. तिथे एक पाखरू आहे, शेपटीला घंटा असलेलं. लेकाचं लाडकं. त्याच्यावरून बापलेकीची रोज मारामारी. ते त्याच्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडलं होतं.

खुणेचा पत्ता उलटला. पंख. लेक पंख शोधायला लागला. पाण्यात शोधला. जमिनीवर शोधला. पाखरू त्याच्या कोपराशी. तो शोधत राहिला आणि मी हात उचललाच नाही.

"नाहीये पंखवाला," तो म्हणाला. "सगळे गेले."

१६ फेब्रुवारी

मी जिंकत नव्हते. तो सोडत होता.

१७ फेब्रुवारी

सकाळी लेकानं सामानाची चिठ्ठी लिहिली आणि ओट्यावर ठेवली. मला ती वाचता येत नाही. म्हणूनच दिसली. जो वाचतो त्याला शब्द दिसतात, मला कागद दिसतो. कागदाचा उजवा अर्धा भाग भरलेला, ओळीखाली ओळ. डावा अर्धा कोरा. जसं काही कुणी मध्ये भिंत बांधली आहे.

ती चिठ्ठी पदरात घालून खाली आणली. बाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं — चौकट, गाल, आरसा, पाखरू.

बाईंचा पेन थांबला. मग त्यांनी टोपण लावलं, कधी लावत नाहीत.

"डोळे?" म्हणाल्या.

म्हटलं, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघतो. जग मात्र त्याचं अर्धंच आहे. आणि गंमत अशी, की अर्धं आहे हे त्याला माहीत नाही. माहीत असतं तर मान वळवली असती ना?

"बत्तीस पोरं आहेत त्या बसमध्ये," बाई म्हणाल्या.

"तेहतीस. आमची धरून."

"तुम्ही त्याला सांगा. शनिवारपर्यंत. नाहीतर मी शाळेत जाऊन सांगते. मग मैत्री राहो न राहो."

हेही लिहा म्हटलं. लिहिताहेत. हे विसरल्या तर बरं, असं एकदा मनात आलं माझ्या. तेही लिहा.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. तो बूट घालत होता तेव्हा. म्हटलं, बाळा, तुला डावीकडचं दिसत नाही.

तो हसला. "आई, पत्त्यांत हरलो म्हणून आंधळा ठरवतेस?"

आरसा, म्हटलं. चौकट.

"दमतो मी. बत्तीस पोरं ओरडत असतात मागे. तू बसून बघ एक दिवस." मग दुसऱ्या बुटाकडे वळला — तो बूट उजव्या पायापाशी होता, म्हणून सापडला. "अठरा वर्षं चालवतोय. एक ओरखडा नाही."

तेरा तारखेचा आरसा त्याच्या हिशेबात नव्हता. खोटं बोलत नव्हता तो. खोटं बोलला असता तर मला एवढी भीती वाटली नसती. खोटं बोलताना त्याचे कान हलतात, लहानपणापासून. कान स्थिर होते.

सुनेला म्हटलं, याला डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, "हो आई, अठ्ठावीस तारीख होऊ दे." आता ती आकाशातले प्राणी पुन्हा रंगवते आहे. तक्त्यात आकाश मेलंय म्हणे.

२० फेब्रुवारी

भिंगरीनं शाळेतून आल्यावर सांगितलं, तोंडात घास ठेवून, जसं काही गंमतच. बालवाडीतली एक छोटी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. एक पाय खाली. बस निघाली. बसमधल्या मावशींनी तिला दप्तराला धरून आत ओढलं आणि बसभर किंचाळल्या. "बाबा म्हणाला, कोणी नव्हतं तिथे. मावशी म्हणाल्या, अहो, ही काय! बाबा म्हणाला, आत्ता आली असेल. आजी, तिची चप्पल राहिली रस्त्यावर. एकच."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. भिंगरीनं माझ्या ताटातला उचलून खाल्ला.

२१ फेब्रुवारी

उद्या शनिवार. दार उघडताना बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, आज पत्ते मी मांडणार.

लेक हात धुवायला गेला होता. मी छत्तीसच्या छत्तीस प्राणी घेतले आणि पटाच्या एका टोकाला मांडले. लेकाच्या डाव्या हाताच्या टोकाला. पाणी, जमीन, आकाश सगळं एकावर एक, ढीग. बाकीचा पट मोकळा. सून म्हणाली, "आई, हे काय?" म्हटलं, तू खुणेचा पत्ता धर आणि गप्प बस.

तो आला. बसला. हात चोळले.

"मांडा की," म्हणाला. "चहा गार होतोय."

त्यानं कप उचलला, परत ठेवला.

"अरे, मांडा ना पत्ते. कुठे ठेवलेत?"

भिंगरी हसली. "बाबा, नाटक नको." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "कसलं नाटक? पट कोरा आहे." भिंगरी आणखी हसली. मग तिनं आईकडे पाहिलं, आणि हसू जिथल्या तिथे राहिलं, तोंडावरच.

सुनेच्या हातातला पत्ता हातातच होता. तिनं तो खाली ठेवला नाही. चेहरा नव्या कागदासारखा.

मी उठले. त्याचा हात धरला. लहानपणी धरायचे तसा, मनगटाशी. आणि पटावरून ओढत नेला डावीकडे, ढिगावर ठेवला. त्याची बोटं पत्त्यांवरून फिरली. मग हाताच्या मागोमाग मान वळली, हळूहळू, जशी ती कुणा दुसऱ्याचीच मान असावी.

"हे तू आत्ता ठेवलंस," तो म्हणाला.

"नाही रे बाळा."

त्यानं हात उचलून बघितलं. वर सासूबाई होत्या, सोनेरी कडेच्या. मग त्यानं भिंगरीला विचारलं, "शाळेपाशी उतरल्यावर तू कुठे उभी असतेस?"

"दाराशी, बाबा. डावीकडे. हात करते ना मी रोज. मला वाटलं, तू रागावलास."

२२ फेब्रुवारी

बसची किल्ली त्यानं स्वतःच खिळ्यावरून काढली. चाचपून काढली. बाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "शाळेत तुम्हीच द्या. माझ्याच्यानं होणार नाही."

बाईंनी ती अजून पदराच्या टोकाला बांधून ठेवली आहे, विसरू नये म्हणून. आत्ता निघतील.

२५ फेब्रुवारी

हे हॉस्पिटलमधून. बाई डबा घेऊन आल्या आहेत, वहीपण आणली. डबा खारट.

डोक्यात गाठ आहे. मागच्या बाजूला, उजवीकडे. उजवीकडची गाठ डावीकडचं कसं खाते हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत आजी, पण डोळे सांगतात ते ऐकणारी जागा दबली आहे. म्हटलं, गाठ काढल्यावर ती ऐकेल का? ते म्हणाले, गाठ काढू. पुढचं आत्ता सांगता येत नाही. शहाणा माणूस. खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

बस पुन्हा नाही. तेवढं मात्र त्यांनी लगेच सांगितलं.

२८ फेब्रुवारी

ऑपरेशन काल झालं. आठ तास. तो झोपला आहे. डोकं पांढऱ्या पट्ट्यांत, केवढं तरी दिसतं.

सून आज खेळ देऊन आली. पाण्याचे पहिलेच रंग ठेवले तिनं, फिके. "चांगलेच होते ते," म्हणाली. मग खुर्चीत बसून भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, मी बारा मासे तीनदा रंगवले. तक्ता केला. नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं नाही."

मी म्हटलं, मी तर जिंकत होते गं. माझं काय सांगतेस.

३ मार्च

आज बसून जेवला. अर्धं ताट. उजवं.

४ मार्च

अर्धंच.

५ मार्च

भिंगरीला आत सोडलं. ती पलंगाच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हात करत राहिली. किती वेळ. मी तिला सांगितलं नाही की, या बाजूला ये. तिनंही विचारलं नाही. हात दुखला तेव्हा दुसऱ्या हातानं करायला लागली.

७ मार्च

मास्तरीणबाई, काल वही इथेच विसरून गेलात. म्हणून आज लेक लिहितो आहे, उशीला टेकून. पहिली ओळ पानाच्या मधूनच सुरू झाली. दुसरी, न सांगता, जरा अलीकडे आली. मला अक्षर येत नाही, पण लाल रेघ दिसते. थांबू नकोस रे, लिही.

ही ओळ टेकली.

चष्मा डोक्यावर असेल, तो खाली घ्या आणि स्वतः बघा. उद्याच्या डब्यात मऊ भात आणि बटाट्याची भाजी पाठवा, दोन माणसांची. मीठ एकदाच घाला.